दोरी ढकलत नाही

नाशिकहून कसारा घाट उतरून शहापूरला जाणारी माणसं एक तर माहुलीचा किल्ला चढायला जातात, नाहीतर लग्नाला. मी गेले भांडायला. साठी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि "हे फोनवर होत नाही का?" असं नवऱ्याने निघेपर्यंत विचारलेलं. नव्हतं होत. फोनवर आणि ईमेलवर जेवढं भांडता येतं तेवढं आमचं वर्षभर भांडून झालं होतं.

भांडण होतं दोरीवरून. मी इंजिनिअरिंगच्या पोरांना यंत्रशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, मी एका फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागले. हे सॉफ्टवेअर बीजगणित करतं. त्याला यंत्राचं वर्णन द्यायचं: इथे सांधा, इथे चाक, इथे दोरी, टोकाला वजन. ते त्या यंत्राच्या हालचालीची समीकरणं लिहून देतं, आकड्यांत नाही, अक्षरांत. मग अक्षरांच्या जागी हवे ते आकडे घाला आणि यंत्र पडद्यावर चालवून बघा. ते कोणाच्याही मालकीचं नाही. जगभरातली माणसं आपल्या फावल्या वेळात त्याची दुरुस्ती करतात आणि त्याहून जास्त वेळ एकमेकांशी हुज्जत घालतात. त्यातल्या यंत्रांच्या भागाची राखण माझ्याकडे आहे.

एक दिवस तक्रारींच्या पानावर कुणा वैशाली नावाच्या मुलीने लिहिलं, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोरी ढकलते."

खरं होतं ते. दोरीने वजन ओढता येतं, ढकलता येत नाही, हे म्हैस बांधणाऱ्या कोणालाही कळतं. आमच्या सॉफ्टवेअरला कळत नव्हतं. त्याच्या लेखी दोरी म्हणजे ताठ काठी. ती सैल पडायची वेळ आली तरी ते काठीच धरून पुढचं गणित बिनधास्त करायचं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं आणि माहितीपत्रकात तशी एक ओळही होती, की दोरीचा ताण उणे आला तर उत्तरावर विश्वास ठेवू नका. मी तिला ती ओळ दाखवली. तिने उलट लिहिलं, "मग मी कशावर ठेवू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. यंत्र कोणतं, मापं काय, हे विचारलं की अर्धवट उत्तर यायचं. "विहिरीची यारी आहे" एवढंच सांगायची. ते हवंय कशाला, हे तर नाहीच. शेवटी तिने लिहिलं, "मॅडम, येऊन बघा." ही म्हातारी काही येत नाही, असं तिला वाटलं असावं. म्हणूनच गेले.

शहापूर

फाल्गुनातलं ऊन स्टँडवर सकाळीच तापलं होतं. माझ्या डोक्यातली वैशाली चष्मेवाली, तोंडाळ आणि उंच होती. प्रत्यक्षात स्कूटीवर बसून वाट बघणारी पोरगी माझ्या खांद्याइतकी होती. जवळच्याच एका पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवते, राहते किन्हवलीला. मला बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही खरंच आलात?"

"न यायला काय झालं? तुझी ती ढकलणारी दोरी बघायचीय मला."

ती हसली नाही. भांडणात एवढी तयार असलेली मुलगी समोर अशी गप्प, हे मला चमत्कारिक वाटलं. माझी पिशवी पायांत घेऊन तिने स्कूटी सुरू केली. मागे माहुलीचे सुळके, दोन्ही बाजूंना भातकापणी होऊन भेगाळलेली शेतं, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. वाटेत शेणव्याला उतरून गुडघे मोकळे केले. तिथे ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "घरी माझा भाऊ आहे. मंगेश. तो बोलत नाही कोणाशी. वाईट वाटून घेऊ नका."

आजारी असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही.

किन्हवली

दारात वैशालीच्या आईने "जयभीम, या" म्हणून हात धरून आत घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग चौकशी. इथे पाणी, चहा, आणि चौकशी मुळीच नाही. मला त्याचं बरं वाटलं. ओट्याच्या टोकाला एक पंचविशीतला मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. दणकट अंगाचा. उजवा पाय सारखा खाली दाबत होता, जसं पायाखाली काही आहे. आम्ही आलो तरी त्याने मान वळवली नाही.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वांग्यातलं सुकट. मी बाजरी खाणारी बाई. तांदळाची भाकरी मला दाताखाली काही नसल्यासारखी लागायची, पण ती भाकरी इतकी मऊ आणि सुकट इतकं झणझणीत, की मी लाज सोडून मागून घेतलं. आई वाढता वाढता थांबल्या. भाकरीची टोपली मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"बाई, एक इचारू? माझ्या पोरानं मानूस मारला का नाय मारला, ते तुमच्या त्या कॉम्प्युटरात निघल का?"

माझा घास हातातच राहिला. मी वैशालीकडे बघितलं. तिने ताटाकडे बघत सांगितलं.

यारी म्हणजे विहीर खोदताना दगड वर काढायचं यंत्र. लोखंडी खांब, पुढे आलेला हात, डिझेलचं इंजिन, ड्रमला गुंडाळलेली पोलादी वायर आणि तिच्या टोकाला बकेट. खालची माणसं बकेट भरतात, वरचा ऑपरेटर ती ओढून घेतो आणि ब्रेकवर पाय देऊन थांबवतो. मंगेश असाच ऑपरेटर. मुरबाडकडे एका विहिरीवर गेल्या उन्हाळ्यात त्याच्या बकेटमधला दगड खाली कोसळला. खाली काळूराम होता, वरच्या ठाकूरवाडीतला. दोघं एका डब्यात जेवायचे. काळूराम जागीच गेला.

"मालक बोलला, मंगेश फोनवर होता, ब्रेकवरचा पाय सुटला, बकेट घसरली," वैशाली म्हणाली. "पोलिसांनी अपघात लिहिला. गावाने नाही लिहिला. मंगेश पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, ब्रेक दाबला होता. मग मी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये यारी मांडली. म्हटलं, ब्रेक दाबला असेल तर बकेट जागच्या जागी थांबते की नाही बघू. ती थांबते, मॅडम. अगदी गप्प थांबते. दगड पडतच नाही. म्हणजे मंगेश खोटा."

"आणि ताण उणे येतो," मी म्हटलं.

"हो. तेवढीच एक आशा होती. की तुमचं गणितच चुकतंय."

वर्षभर मी ज्या पोरीला माहितीपत्रकातली ओळ दाखवत होते, ती हे मागत होती. आई म्हणाल्या, "काळूरामची बायको बाजारात मला बघून वाट बदलते. आमी काय बोलणार तिला?"

ओट्यावरून आवाज आला, भिंतीकडे तोंड करूनच. "दाबला व्हता." मग थोड्या वेळाने, "आता मलाच वाटतं, नसंल दाबला."

जेवण तिथेच संपलं. खरं सांगते, पहिल्या एसटीने घरी पळावंसं वाटलं.

म्हशाच्या रस्त्याला

पण सकाळी निघालो ते उलट्या दिशेने. तीच यारी आता मुरबाडपलीकडे दुसऱ्या विहिरीवर लागली होती. अपघातानंतर मालकाने तिला निळा रंग मारला आणि दुसरा ऑपरेटर बसवला. वैशालीला ठिकाण माहीत होतं. तिने आजवर जायचं टाळलं होतं. "एकटीने नाही बघवलं असतं," म्हणाली.

मुरबाडला मिसळ खाल्ली. नाशिकच्या बाईने दुसऱ्या गावच्या मिसळीला नावं ठेवायचीच असतात, मी ठेवली. वैशाली पहिल्यांदा थोडं हसली. पुढे म्हसा गावचं जत्रेचं रान लागलं. जत्रेत जिथे बैलांची आणि घोंगड्यांची एवढी दाटी असते म्हणतात, तिथे आता मेखांची भोकं, उसाची चिपाडं आणि वारा. मोहाखाली दोन बायका फुलं वेचत होत्या, त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलंही नाही.

विहीर शेताच्या कडेला होती, पुरुष-दोन पुरुष खोलीवर मुरूम संपून काळा कातळ लागलेला. निळी यारी धडधडत होती. ऑपरेटर भास्कर, चाळिशीचा, वैशालीला ओळखत होता. "मंगेशची बहीन ना तू? घ्या काय मापं घ्यायची ती. मालक यायच्या टायमाच्या आत आटपा."

मी ड्रमचा व्यास घेतला, वायरीची जाडी, हाताची लांबी. ब्रेकचा पट्टा बघितला, चांगला होता, धरत होता. मग मी बकेट वर येताना बघितली आणि मला धक्काच बसला. काठोकाठ भरलेल्या दगडांवर, अगदी माथ्यावर, एक मोठा धोंडा नुसता ठेवलेला.

"हे काय?"

"वरचा धोंडा," भास्कर म्हणाला. "सगळेच ठेवतात, बाई. एक खेप वाचते. पैसे खोलीवर हायत, खेपांवर नाय. खाली मानसं भिंतीला चिकटून उभी ऱ्हातात."

आमच्या नाशिककडेही ठेवत असतील. द्राक्षवाल्यांच्या इतक्या विहिरींवर मी उभी राहिले, कधी बकेटच्या माथ्याकडे बघितलं नाही.

विहिरीची रुंदी घ्यायला मी काठाशी वाकले, आणि जळो मेलं माझं हातातलं, पोलादी टेप निसटून खाली गेला. कातळावर आपटत गेल्याचा आवाज आला. खालून कोणीतरी जीव खाऊन ओरडलं, "थांब!" भास्करने पाय दाणकन ब्रेकवर मारला. भरलेली बकेट निम्म्या वाटेवर होती, वर येत होती.

मी ते डोळ्यांनी बघितलं. ड्रम थांबला, पण बकेट थांबली नाही. ती वर उडाली, वीतभरच. वरची वायर सैल पडून वाकडी झाली. मग बकेट खाली आली, वायर खाडकन ताठ झाली, आणि माथ्यावरचा धोंडा कलंडला. बकेटच्या काठावर अडकून राहिला, एवढंच.

खालची माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. एकाच्या पायाशी माझा टेप पडला होता. मग भास्कर माझ्यावर खेकसला, "मागं व्हा बाई! मागं! मानूस मारताय का?" त्याने बकेट इंचाइंचाने वर घेतली आणि धोंडा उतरवला.

मी वैशालीकडे बघितलं. ती वायरीकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "दोरी सैल पडली."

पुन्हा किन्हवली

दुपारी ओट्यावर बसून आम्ही दोघींनी काम केलं. वर्षभर ज्या गोष्टीला मी "हे अवघड आहे, समीकरणांची रचनाच बदलावी लागेल" म्हणत होते, ती खरंच अवघड होती. पण लाज वाटण्याइतकी अवघड नव्हती. वायरीला सांगायचं, की तू फक्त ओढायचंस, ओढ संपली की सोडून द्यायचंस. धोंड्याला सांगायचं, की बकेट तुला फक्त खालून उचलते, धरून ठेवत नाही. म्हणजे यंत्राची एक नाही, वेगवेगळी समीकरणं लिहायची आणि कोणत्या क्षणी एकातून दुसऱ्यात उडी मारायची ते सॉफ्टवेअरने स्वतः ओळखायचं. वैशाली भरभर लिहीत होती. तिची समज माझ्यापेक्षा ताजी आहे. लाईट एकदा गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालला. आई चहा ठेवून गेल्या, तो गार झाला.

मंगेश आज भिंतीकडे नव्हता. खांबाला टेकून आमच्याकडे बघत होता.

मग पडद्यावर यारी चालू झाली. रेघांची यारी, चौकोनाची बकेट, वर एक गोळा. बकेट वर निघाली. ब्रेक लागला. बकेट उडाली, दोरीची रेघ वाकली, ताठ झाली, आणि गोळा काठावरून खाली गेला.

वैशालीने तोंडावर हात ठेवला. "दाबला होतास रे," ती रडतच म्हणाली. "मंगेश, तू ब्रेक दाबला होतास. फोन नाही, पाय सुटला नाही, काही नाही. आई! ऐकलंस का गो?"

आई दारात होत्या. त्या मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं. आले होते ते काम झालं.

मंगेश जवळ आला. पडद्यासमोर उकिडवा बसला. "परत दाखवा." दाखवलं. "परत." दाखवलं. त्याचा उजवा पाय हलत नव्हता.

"त्यानंच सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "काळूरामनं. खालून वरडला, थांब. धोंडा हलताना दिसला असंल त्याला. थांब बोलला की थांबायचं, पुढंमागं नाय बघायचं, तसंच शिकलोय आमी. मी पाय मारला." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "बाई, हलू दाबला असता तर?"

"काय नाय रे," वैशाली पटकन म्हणाली. "तरी पडला असता."

तो तिच्याकडे बघतच नव्हता. "बाई, तुमी सांगा."

मला सांगता आलं असतं की तिचं बरोबर आहे. वैशाली माझ्याकडे अशी बघत होती, की तो चेहरा मी विसरणार नाही. पण तो आकडा तिथेच पडद्यावर होता, ब्रेक किती वेळात लागला त्याचा, आणि हा मुलगा वर्षभर खरं काय ते विचारत भिंतीकडे बसला होता. मी तो आकडा थोडा वाढवला. ब्रेक सावकाश लागला. बकेट झुलली आणि थांबली. दोरी ताठच राहिली. गोळा माथ्यावर तसाच बसून राहिला.

"कशाला?" वैशाली ओरडली. "कशाला दाखवलंत? काय गरज होती?"

मला स्वतःची चीड आली. मंगेश त्या थांबलेल्या चित्रासमोरून उठला. मग त्याने खिशातून फोन काढला. अपघातानंतर त्याने कोणाला फोन लावल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं, असं आईंनी मला नंतर सांगितलं.

"भास्करभाव, मंगेश बोलतोय. आयक. वरचा धोंडा भरू देऊ नको. नाय, आयक ना. आन कोन थांब बोलला तरी ब्रेकवर पाय मारू नको. हलू दाब. हलू." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "हां," तो म्हणाला, "माझ्याकडनं तसंच झालं."

त्याने फोन ठेवला आणि चपला घातल्या. आईंनी विचारलं कुठं, तर म्हणाला, "वाडीवर. त्याच्या बायकोला सांगून येतो." वैशाली त्याच्यामागे धावली. तो थांबला नाही. बांधावरून वर, वाडीच्या दिशेने जाताना तो मला बराच वेळ दिसत होता.

घरी

दुसऱ्या दिवशी वैशालीने मला शहापूरच्या स्टँडवर सोडलं. मी एसटीत चढत होते तेव्हा ती म्हणाली, "आपला बदल सॉफ्टवेअरमध्ये घाला मॅडम. पण काळूरामचं नाव घालू नका, आमचंही नको." मंगेश वाडीवर गेला तेव्हा काळूरामची बायको काय म्हणाली, ते मी विचारलं नाही. वैशालीनेही सांगितलं नाही. आता आमचा पत्रव्यवहार फक्त कामाचा चालतो.

बदल आत गेला. जपानातल्या कुणीतरी आणि चिलीतल्या कुणीतरी तो तपासला आणि छान झालंय म्हणून लिहिलं. आमच्याकडे असा नियम आहे, की नवीन काही आत घेतलं की सोबत त्याची एक चाचणी ठेवायची. पुढे कोणी कुठेही काही बदललं तरी ती आपोआप चालते आणि जुनं काही बिघडलं नाही ना ते बघते; सगळं ठरल्यासारखं झालं तर हिरवी खूण, नाहीतर लाल. आम्ही किन्हवलीच्या ओट्यावरचीच यारी चाचणी म्हणून ठेवली, बिननावाची. ती रोज चालते, दिवसातून कितीतरी वेळा, जगात कुठे ना कुठे. बकेट वर येते, ब्रेक दाणकन लागतो, दोरी सैल पडते. दगड पडला की हिरवी खूण येते.